ऐंशी अंशांवर मार्टीसर

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "तिकडे थंडी फार असेल नाही?" मी दोन वर्षं फिनलंडच्या उत्तरेला होतो. मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल इंजिनीअरिंग असं लांबलचक नाव असलेली मास्टर्सची पदवी घेऊन आलो. थंडी होतीच. नाकातले केस गोठतात, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. पण त्या दोन वर्षांत माझे खरे हाल झाले ते उकाड्यानं, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

माझं नाव इलियास आत्तार. आम्ही येरवड्याला राहतो. पुण्यात हे सांगितलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "आत की बाहेर?" बाहेर. अब्बांचं पेठेत अत्तर, अगरबत्ती, सुरमा असं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासून. मी इंजिनीअर होऊन खराडीच्या एका कंपनीत लागलो होतो. तिथे दिवसभर स्क्रीनवरचे चौकोन इकडून तिकडे सरकवायचे, आणि संध्याकाळी कुणीतरी येऊन "आधी होते तिथेच बरे होते" म्हणायचं. मला खरोखर फिरणारं, तापणारं, थांबणारं काहीतरी हाताळायचं होतं. अर्ज केला, जागा मिळाली, फीसुद्धा माफ झाली. अट एकच होती. एका जरी सक्तीच्या विषयात नापास झालात तर फीमाफी बंद. म्हणजे सरळ घरी.

अब्बांना विषय समजावताना माझी पहिली तोंडी परीक्षा झाली.

"मायक्रो म्हणजे बारीक, अब्बा."

"और कंट्रोल?"

"म्हणजे एखादी वस्तू आपल्याला हवी तशीच चालावी, म्हणून लांबून तिच्यावर..."

"रिमोट!" अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गिऱ्हाइकांना ते सांगू लागले की पोरगा बारीक रिमोट शिकायला युरोपला चाललाय. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक घरचा टीव्हीचा रिमोट घेऊन दुकानात हजर. मी उघडला. सेल उलटे घातले होते. सरळ केले.

"देखा?" अब्बा म्हणाले. "अभी गया भी नहीं."

उतरलो तेव्हा

विमानतळ एवढासा होता, आपल्या स्वारगेटच्या एका फलाटाएवढा. बाहेर एक उंच, पांढुरक्या केसांचा मुलगा हातात कागद धरून उभा होता. कागदावर लिहिलं होतं, एलियास. हे तिथलं अगदी घरोघरचं नाव आहे, आणि अर्ज भरताना मीही हौसेनं ई-पासूनच स्पेलिंग केलं होतं. हा युस्सी. नव्या विद्यार्थ्याला खोलीवर नेऊन सोडायचं काम विद्यापीठानं त्याला दिलेलं. तो माझ्या डोक्यावरून मागच्या गर्दीत कुणीतरी गोरा एलियास शोधत होता. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तो थोडा बाजूला सरकला, म्हणजे त्याला मागचं दिसेल.

"मीच एलियास," मी म्हणालो.

त्यानं कागद वाचला. मला बघितलं. परत कागद वाचला. "ओके," म्हणाला आणि माझी बॅग उचलली.

गाडीत बसलो. रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि बाहेर लख्ख ऊन. दोन्ही बाजूंना सरळसोट झाडं, मधे मधे तळं, परत झाडं. युस्सी एक शब्द बोलेना. आपल्याकडे स्टेशनवरून येरवड्याला रिक्षा केली तर बंडगार्डनचा पूल येईपर्यंत रिक्षावाल्याच्या मुलाचे दहावीचे मार्क आणि मेव्हण्याचा स्वभाव कळलेला असतो. इथे अर्धं जंगल संपलं तरी काही नाही. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं.

शेवटी विचारलं, "तू माझ्यावर चिडलायस का?"

त्यानं यावर मनापासून विचार केला. दोन तळी गेली.

"नाही," तो म्हणाला. "का?"

त्यानंतर थेट वसतिगृह.

वसतिगृहात सहा खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर होतं. आत गेलो तर एक दणकट मुलगा ओट्यावर पाठ करून उभा, आणि ठप ठप ठप आवाज येतोय. तो भाकरी थापत होता. मला बघून त्यानं हात झटकले.

"इंडिया?"

"पुणे."

"आरं तिच्या! मी वारज्याचा. धनाजी. तू?"

"येरवडा."

"आत का भायेर?"

"बाहेर."

"मंग बस. खाऊन घे."

धनाजी माझ्याच वर्गात होता. त्यांची वारज्याला शेती होती. ती गावासकट शहरात गेली आणि तिथे इमारत उभी राहिली. त्याचे वडील अजून तिच्या आठव्या मजल्याला "कांद्याच्या वाफ्यावरचा मजला" म्हणतात. धनाजीनं बॅगेत कपडे कमी आणि ज्वारीचं पीठ जास्त आणलं होतं. पहिला घास घेतोय तोच दारावर थाप पडली. दारात एक ठेंगणी म्हातारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. या हेल्मीबाई, वसतिगृहाच्या व्यवस्थापिका. कुणीतरी त्यांना फोन केला होता की स्वयंपाकघरात कुणाला तरी मारहाण चालू आहे.

धनाजीनं त्यांना भाकरी दाखवली. त्यांचं समाधान होईना. मग त्यानं त्यांच्यासमोर एक भाकरी थापली. त्यांनी ती सगळ्या बाजूंनी बघितली, लोणी लावून उभ्या उभ्या अर्धी खाल्ली, आणि म्हणाल्या, "नो नीन."

हे दोन शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकले. फिनिश माणूस दिवसभरात जे काही बोलतो त्यातलं निम्मं हेच असतं. आपल्या "बरं"सारखं. चला, झालं, आता काय, मला वाटलंच होतं, उठा आता, छान, वाईट, सगळ्याला नो नीन. अर्थ आवाजावरून ओळखायचा. हेल्मीबाईंच्या त्या वेळच्या नो नीनचा अर्थ धनाजीनं लावला, "अजून एक वाढ म्हणत्यात." वाढली. तोच अर्थ होता.

पांढरा झगा

मायक्रोइलेक्ट्रॉनिक्समधला बारीक भाग शिकायचा तो क्लीनरूममध्ये. तिथे चिप बनवतात. चिपवरच्या रेघा इतक्या बारीक, की त्यांच्या मानानं धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात पडलेली दरड. म्हणून आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला पट्टी, हातमोजे, सगळं चढवायचं. नुसते डोळे दिसतात. हवेत किती कण आहेत ते मोजणारं एक यंत्र भिंतीवर असतं.

अत्तर लावून यायचं नाही, हे आधीच सांगितलं होतं. अत्तरवाल्याच्या मुलाला ते सांगणं म्हणजे जरा जिवावरचंच, पण मी पाळलं. सकाळी नेहमीसारखी आंघोळ केली, नेहमीसारखं आवरलं, आत गेलो. पाच मिनिटांत भिंतीवरचं यंत्र बोंबलायला लागलं.

आमचे प्राध्यापक तिथेच होते. मार्टी त्यांचं नाव. सहा फुटांच्या वर उंच, आवाज इतका हळू की वाकून ऐकावं लागे. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, "मला नुसतं मार्टी म्हणा, इथे सगळे तसंच म्हणतात." आम्हा दोघांच्या तोंडून ते निघेना. धनाजीनं तोडगा काढला आणि ते मार्टीसर झाले.

मार्टीसरांनी हातात धरायचं कणमापक घेतलं आणि एकेकाजवळ जाऊ लागले. युस्सीही आमच्याच वर्गात निघाला होता, त्याच्याजवळ यंत्र शांत. धनाजीजवळ शांत. माझ्या मानेजवळ आलं आणि त्याचा आवाज टिपेला गेला.

"तुमच्या मानेतून काय निघतंय?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

पावडर. आंघोळ झाली की गळ्याला आणि मानेला पावडर. लहानपणापासून अम्मी लावायची, मग हात आपोआप जायला लागला. मी कधी ते "लावणं" म्हणून मोजलंच नव्हतं. ती घातलेल्या बनियनसारखी होती. सरांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "पण का लावता?"

"गरम होतं म्हणून."

बाहेरच्या काट्यावर तेव्हा शून्याच्या खाली चार होतं. सरांनी खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला घरी जाऊन परत आंघोळ करून यायला सांगितलं. माझ्यामुळे खोली दोन तास बंद राहिली. वर्गातली मुलं दोन तास कॉफी पीत बसली आणि त्यांच्यात माझ्याविषयी बरंच चांगलं मत तयार झालं.

दुपारी मग्रिब

डिसेंबरात सूर्य दहानंतर उठायचा आणि जेवण होईपर्यंत निघून जायचा. अब्बांचा फोन यायचा. त्यांचं घड्याळ नमाजाचं: असर दुपार कलल्यावर, मग्रिब सूर्य मावळल्यावर.

"मग्रिब हो गई क्या उधर?"

"हो अब्बा."

"अरे, इधर तो अभी असर हुई! तू पुण्याच्या पुढे कसा गेलास?"

मी दर वेळी पृथ्वी कशी कललेली आहे ते सांगायचो. अब्बा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ठीक है, तू नमाज पढ़, ज़मीन का हम देख लेंगे."

याच अंधारात कंट्रोलच्या प्रकल्पाचा विषय आला. सक्तीचा. तिघातिघांनी मिळून एखादी खरीखुरी वस्तू निवडायची, आणि ती आपोआप, हवी तशी चालेल असा कंट्रोलर बनवायचा. कुणी खेळण्यातली क्रेन घेतली, कुणी पाण्याच्या टाक्या घेतल्या. आमच्या गटात मी, धनाजी आणि युस्सी. आम्ही आठवडाभर बोलत होतो. म्हणजे मी आणि धनाजी बोलत होतो. मग एक दिवस युस्सी म्हणाला, "सौना."

सौना म्हणजे लाकडी फळ्यांची एक खोली. कोपऱ्यात दगड रचलेली विजेची भट्टी असते. दगडांवर पाणी टाकलं की वाफ अंगावर येते. लोक उंच बाकावर घामाघूम होऊन बसतात आणि मग बाहेर बर्फात जातात. तिथे घरोघरी सौना असतो, आमच्या वसतिगृहाच्या अंगणातही एक होता. युस्सीची कल्पना अशी, की खोलीचं तापमान बरोबर ऐंशी अंशांवर धरून ठेवायचं, माणसं किती का येईनात आणि पाणी किती का टाकेनात. ऐंशी म्हणजे आपल्याकडे चहाला उकळी यायच्या थोडं आधी. पण कोरड्या हवेत ते सोसतं. छान लागतं, असं युस्सी म्हणाला, आणि तो उगाच काही बोलत नसे.

हेल्मीबाईंनी परवानगी दिली. मार्टीसरांनीही दिली, दोन अटींवर. भट्टी फार तापली तर स्वतःहून बंद करणारी तिची मूळची सुरक्षा काढायची नाही. आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते स्वतः आत बसून बघणार.

"कसं म्हणजे, आत?" मी युस्सीला विचारलं.

"आत," युस्सी म्हणाला.

"कपडे?"

युस्सीला प्रश्नच कळला नाही.

मला मात्र तो प्रश्न रात्रंदिवस छळू लागला. तिथे सौनात काही न घालता बसतात. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, पण काही न घालता. आणि त्यात मार्क देणारे सर! धनाजीला काहीच वाटत नव्हतं. "आमच्या हिरीत आमी असंच पवायचो," म्हणाला. मी म्हणालो, "विहिरीत तुझे सर होते का?" त्यावर तोही जरा विचारात पडला. शेवटी आम्ही युस्सीमार्फत विचारून घेतलं. ज्याला जे घालायचं ते घाला, असं उत्तर आलं. मी पोहायची चड्डी घालून त्यावर घरून आणलेली निळ्या चौकड्यांची लुंगी नेसायचं ठरवलं. इतक्या कपड्यांत त्या सौनात आजवर कुणी बसलं नसेल.

कंट्रोलर चांगला झाला, हे मी अभिमानानं सांगतो. वरच्या बाजूला भिंतीतून बाहेर आलेली एक लहानशी नळी, तिच्या टोकाला सेन्सर. तो तापमान मोजणार, बाहेर कपडे बदलायच्या खोलीतला लॅपटॉप हिशोब करणार, आणि भट्टीला किती वीज द्यायची ते ठरवणार. आम्ही तीनदा करून बघितलं. काटा ऐंशीवरून हलला नाही. तिसऱ्यांदा तर युस्सी आपण होऊन म्हणाला, "चांगलंय." आम्हाला गहिवरून आलं.

प्रात्यक्षिक

दुपारी चार वाजता, म्हणजे बाहेर गडद अंधारात, मार्टीसर आले. त्यांनी शांतपणे कपडे काढून घडी घातली, एक टॉवेल घेऊन अंगणात गेले, युस्सीनं धरून ठेवलेल्या दारातून परत आले आणि आत जाऊन सर्वात वरच्या बाकावर बसले. आम्ही मागोमाग. मी चष्मा काढून ठेवला होता, कारण वाफेनं काहीच दिसत नाही. नाहीतरी मला फारसं काही बघायचं नव्हतं. मी सरांच्या शेजारी, धनाजी माझ्या शेजारी, युस्सी दाराकडे.

सुरुवातीला मजा आली. सरांनी दगडांवर पाणी टाकलं, वाफेची ऊबदार लाट पाठीवर आली. सर म्हणाले, "नो नीन," म्हणजे छान.

मग गरम झालं. मग जास्त गरम झालं. माझे कान भाजायला लागले. मला वाटलं, खरा सौना असाच असेल, आपलं सरावात चुकून मवाळ राहिलं असेल. श्वास आत घेतला तर नाकपुड्या चटकायला लागल्या. मी तोंडानं घेऊ लागलो, तर दात तापले. दात तापू शकतात, हीदेखील मला नवीन माहिती होती. बाजूला बघितलं. सर निश्चल. युस्सी निश्चल.

"धन्या," मी मराठीत पुटपुटलो, "जास्त नाही का वाटत?"

"गप बस," धनाजी दात आवळून म्हणाला. "सर परीक्षा घ्यायलेत. आपन उठायचं न्हाई."

मी बसलो. मला फीमाफी दिसत होती, विमान दिसत होतं, खराडीतले चौकोन दिसत होते. चड्डीची नाडी इतकी तापली होती की तिचं पत्र्याचं टोक पोटाला लागलं की मी उडायचो. कोपऱ्यात भट्टी मंद घुमत होती, जीव असल्यासारखी. आणि कुणीच काही बोलेना.

शेवटी सर उठले. "नो नीन," म्हणाले, या वेळी फार वेगळ्या आवाजात, आणि जवळजवळ धावत बाहेर पडले. युस्सी त्यांच्या मागे, धनाजी त्याच्या मागे, मी लुंगी सावरत सगळ्यांच्या मागे. कपडे बदलायची खोली ओलांडून थेट अंगणातल्या बर्फात. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर स्वखुशीनं आडवा पडलो. अंगातून चर्र आवाज आला असं मला वाटलं. धनाजी म्हणतो तो त्यालाही आला.

आणि मागे खट् झालं. दार आपोआप बंद होणारं होतं. किल्ली आत, युस्सीच्या पँटच्या खिशात.

बर्फाचं सुख फार टिकत नाही. उणे पंधरामध्ये चार माणसं, त्यातल्या दोघांच्या कमरेला टॉवेल, एकाला लुंगी, आणि मार्टीसरांना काहीच नाही. त्यांचा टॉवेल आतच राहिला होता. मी लाजेनं मान वर केली आणि आकाशाकडे बघत राहिलो.

आकाश हिरवं होतं.

वाऱ्यावर वाळत घातलेल्या साडीसारखं काहीतरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलत होतं. हिरवं, मधेच पांढरं, कडेला किंचित जांभळं. याला उत्तरेचा प्रकाश म्हणतात. लोक तो बघायला कुठून कुठून येतात आणि रात्र रात्र थंडीत उभे राहतात. मी चार महिने तिथे होतो आणि मला तो एकदाही दिसला नव्हता, कारण मी कधी वर बघितलंच नव्हतं. दात वाजत होते, पायाला मुंग्या येत होत्या, पण मान खाली घ्यावीशी वाटेना.

"इल्या," धनाजी म्हणाला, "सर गोठत्यात."

तेही खरं होतं. माझ्या अंगात निदान चड्डी होती. मी लुंगी सोडली आणि सरांना दिली. ती कशी नेसायची ते त्यांना कळेना. त्यांनी आधी खांद्यावर घेतली, मग पदरासारखी काहीतरी केली. मग मी आकाशाकडे बघत बघत, हातांनी अंदाज घेत, त्यांना ती नेसवली आणि वर घट्ट गाठ खोवून दिली.

युस्सी हेल्मीबाईंच्या खिडकीवर बर्फाचे गोळे मारत होता. थोड्या वेळानं त्या आल्या, जाड कोट, किल्ल्यांचा जुडगा. अंगणात त्यांनी बघितलं ते असं: आकाशात हिरवा पडदा, बर्फात उघडेबंब तीन विद्यार्थी, आणि मधे निळ्या चौकड्यांच्या लुंगीत विद्यापीठाचे ज्येष्ठ प्राध्यापक.

त्यांनी एकेकाकडे नीट बघितलं.

"नो नीन," त्या म्हणाल्या आणि दार उघडलं.

याचा अर्थ धनाजीनंही सांगितला नाही.

खुंटी

कपडे घालून, गरम चहा घेऊन आम्ही लॅपटॉपभोवती बसलो. कंट्रोलरला वाटत होतं की आत नुसते पंचावन्न अंश आहेत. म्हणून बिचारा जीव तोडून भट्टीला पूर्ण वीज देत होता. आतल्या भिंतीवरचा साधा काटा एकशे दहाच्या पुढे होता. भट्टीच्या मूळच्या सुरक्षेनं शेवटी ती बंद केली होती, नाहीतर हे लिहायला मी नसतो.

"तुला काटा दिसत होता?" मी युस्सीला विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तू ठरवलं असशील."

आम्ही तिघं आत जाऊन बघितलं. सेन्सरच्या नळीवर, नीट घडी घालून, एक टॉवेल टांगलेला होता. ओला. ओलं फडकं वाळताना थंड राहतं, माठ राहतो तसं. सेन्सर त्या थंडाव्यात गुंडाळलेला, आणि सगळी खोली पेटलेली.

"टावेल कुनाचा त्ये सरांना कोन सांगनार?" धनाजी कुजबुजला.

मी घाबरलो. माझ्या आजवरच्या शिक्षणात सरांची चूक सरांना सांगायचा प्रसंग आला नव्हता. तसा आला असता तर ती आमची निघाली असती. पण लॅपटॉपवर सगळं दिसत होतं.

"सर," मी बाहेर येऊन म्हणालो, "तुमचा टॉवेल ओला होता का?"

"हो. बर्फात भिजवून आणला होता. नंतर तोंडावर घ्यायला बरा."

"तो सेन्सरवर होता, सर."

सरांनी दारातून वाकून आतल्या नळीकडे बघितलं.

"ती खुंटी नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"खुंटीसारखी दिसते."

"हो, सर."

"मग चूक कुणाची?"

माझ्या तोंडात "माझी, सर" आलंच होतं. तेवढ्यात धनाजी इंग्रजीत म्हणाला, "अर्धी तुमची, सर. अर्धी आमची."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सरांच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला होता. युस्सीनं नंतर सांगितलं की ते हसले होते, आणि फार हसले होते.

"नापास," मार्टीसर म्हणाले. मला परत विमान दिसायला लागलं. मग त्यांनी चहाचा घोट घेतला. "आजच्यापुरते. दोन आठवड्यांनी परत येतो. मी मला वाटेल तिथे टॉवेल टांगणार. तुमच्या कंट्रोलरला ते कळलं पाहिजे. खरी माणसं टॉवेल टांगतातच."

ते दोन आठवडे आम्ही सौनातच राहिलो म्हणायला हरकत नाही. दोन सेन्सर आणखी लावले, एक खाली, एक समोरच्या भिंतीत. तिन्ही सेन्सरचं एकमेकांशी पटेनासं झालं की भट्टी बंद व्हायची आणि घंटा वाजायची. घंटा कुठली लावायची यावर वाद झाला. शेवटी धनाजीच्या सायकलची लावली, मोटर जोडून.

सर आले ते दोन टॉवेल, एक लोकरी टोपी आणि एक ओला मोजा घेऊन. आधी एक टॉवेल. ट्रिंग ट्रिंग. मग टोपी. ट्रिंग ट्रिंग. मग पाठ करून, आम्हाला दिसू न देता, खालच्या सेन्सरवर मोजा. क्षणभर काहीच झालं नाही. धनाजीनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. मग ट्रिंग ट्रिंग. भट्टी बंद.

सरांनी सगळं काढून घेतलं, बाकावर बसले, आणि काटा ऐंशीवर येऊन उभा राहिला. किती तरी वेळ ते नुसते बसून होते. बाहेर येताना म्हणाले, "पास." मग दारात थांबून, नेहमीपेक्षाही हळू आवाजात, "ते निळं वस्त्र कुठे मिळतं?"

अब्बांनी सहा पाठवल्या. सोबत अत्तराची एक कुपी, "प्रोफेसरसाब के लिए". सौनात ती उघडू नका, हे सांगायला मात्र मला उशीर झाला. पूर्ण हिवाळाभर वसतिगृहाच्या अंगणात मोगऱ्याचा वास येत होता.

लोहगाव

पदवी घेऊन जूनमध्ये परतलो. धनाजी तिथेच नोकरीला राहिला. मला खराडीतच काम मिळालं, पण आता चौकोन सरकवायचे नाहीत, तापमान मोजणाऱ्या चिप तपासायच्या. अब्बा, अम्मी लोहगावच्या विमानतळावर आले होते. घर जवळच, त्यामुळे रडायला फार वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीनं खारी आणायला पाठवलं. बेकरीत गर्दी होती. मी रांगेत उभा राहिलो, तिकडच्या सवयीनं पुढच्या माणसापासून चांगला दोन हात लांब. एक आजोबा मधे येऊन उभे राहिले. मग शाळेची दोन पोरं. मग एक गृहस्थ हेल्मेट घालूनच. मी जिथल्या तिथे.

"ओ," गल्ल्यावरचे काका म्हणाले, "आपण रांगेत आहात, का नुसता वास घ्यायला थांबलात?"

"रांगेत आहे."

"मग रांगेलाही कळू द्या की."

मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, सरका पुढे! मधे काय रिक्षा लावायचीये?" आणि पिशवी माझ्या पाठीला लावून मला ढकललं. मी हेल्मेटवाल्या गृहस्थांच्या पाठीला जाऊन चिकटलो. ते वळले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाले, "जरा हळू हां, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय." मग ऑपरेशन कसं ठरलं ते सांगितलं. पहिल्या डॉक्टरनं काय सांगितलं, दुसऱ्यानं काय, सुनेचं मत काय पडलं, आणि फिजिओथेरपीचा मुलगा कसा उद्धट आहे. मी मधे मधे "हो का?" म्हणत होतो. आमच्या दोघांची खारी बांधून झाली तरी आम्ही बेकरीच्या पायरीवर उभे होतो, आणि मागची माणसं आम्हाला वळसा घालून, बोलत बोलत, आत जात होती.

घरी आलो तेव्हा चहा गार झाला होता.

"इतनी देर?" अम्मीनं विचारलं.

"बोलत होतो."

"किससे?"

त्यांच्या गुडघ्याचं सगळं कळलं होतं. नाव विचारायचं राहिलं.